मांडा मोडेल त्याने शेवटी घ्यावं

धामणबारी, ता. साक्री
२० ऑगस्ट २०२५

चि. दिपमालास फुईचे, म्हणजे तुमच्या शहरी भाषेत आत्याचे, आशीर्वाद.

"चारीच्या शेवटी राहणाऱ्या माझ्या बंधूभगिनींनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. धरणातून पाणी निघतं तेव्हा ते सगळ्यांच्या नावाने निघतं. हेडच्या, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेल्या शेतांत शिरलं की त्यांचं होतं. मधल्या शेतांत त्याचा चिखल होतो. आणि आपल्या टेलच्या शेतांपर्यंत पोहोचते ती फक्त आवर्तन संपल्याची सूचना."

घाबरू नकोस, हे तुला नाही. हे मी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष झाल्यावर करायचं भाषण आहे. चाळीस वर्षं इतरांच्या मोर्चात बोलले, आता स्वतःच्या पाण्यासाठी बोलेन म्हणते.

पत्र का, असं विचारशील. गावात फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर वाजतं. मागे मी आपल्या आताच्या अध्यक्षाला, पितांबरभाऊला, 'पाटाचा जावई' म्हणाले ते खुद्द त्याच्या नातवाने मला ऐकवलं. कागद निदान चुलीत घालता येतो.

तू जळगावला होतीस म्हणून मुळापासून सांगते. आपल्या पाणी वापर संस्थेत नऊ संचालक. त्यांतले आम्ही पाच एका पॅनेलचे. ठरलं असं की पाच वर्षांत पाचही जणांनी एकेक वर्ष अध्यक्ष व्हायचं. पहिला तुझा बाप, दुसरा जीवराम, तिसरा नवल, चौथा पितांबर, पाचवी मी. ताईबाई मोठ्या मनाच्या आहेत, असं सगळे म्हणाले. मोठ्या मनाच्या बाईला शेवटचा नंबर देतात, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कोणी खुर्चीला चिकटू नये म्हणून पाचही जणांनी तारीख न टाकता राजीनामे लिहून दिले. ते ठेवले साक्रीच्या कादरभाईंकडे. ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, आपल्या चारीवर त्यांची वीतभर जमीन नाही, म्हणून सगळ्यांचा विश्वास.

तिघांनी वेळेवर खुर्ची सोडली, त्यांची पाकिटं कादरभाईंनी न उघडताच परत केली. पितांबरभाऊचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. पाणी कुठून सुरू करायचं हे अध्यक्ष ठरवतो. मी बसले की पहिलं पाणी टेलला. एक एकर कांद्याचं ठरवलं आहे, तुझ्या आजोबांच्या जमिनीतलं तेच एकर, जे मी हक्कसोडीवर सही केली नाही म्हणून मला मिळालं आणि टेललाच मिळालं.

तू कॉलेजात ते गेम थिअरी की काय शिकवतेस ना? तुझं शास्त्र काय म्हणतं ते कळव.

तुझी फुई
ताईबाई


जळगाव
२७ ऑगस्ट २०२५

ती. फुईस साष्टांग नमस्कार.

शास्त्र म्हणतं की पितांबरकाका खुर्ची सोडणार नाहीत.

यात स्वभावाचा प्रश्नच नाही. या शास्त्रात माणूस वाईट आहे की चांगला हे विचारत नाहीत. एवढंच विचारतात की समोरचा काय करेल हे ओळखून तो काय करेल. आणि हिशोब शेवटून सुरू करतात.

अध्यक्षावर अविश्वास आणायला नवातले सहा हात लागतात. विरोधी पॅनेलचे चार कुणाच्याही विरुद्ध हात वर करायला तयार असतात, त्यांना तेवढंच काम आहे. म्हणजे आपल्यातले दोन नाराज झाले की अध्यक्ष पडतो. पहिल्या तिन्ही वेळा खुर्चीची वाट पाहणारे दोन किंवा जास्त होते. नवलकाका उठले कारण पितांबरकाका आणि तू, दोघंही नंबर लावून बसला होतात. आता वाट पाहणारी तू एकटी. चार आणि एक पाच. पाच हातांनी कोणी पडत नाही. ज्यांचं वर्ष भोगून झालंय त्यांना तुझ्यासाठी वाईटपणा घ्यायचं कारण नाही.

खरं तर ताणून धरलं तर असं निघतं की ही साखळी मागे मागे उसवत पहिल्यापर्यंत जाते. पाचव्याला काही मिळणार नाही हे पाचव्याला कळलं की तो चौथ्यासाठी हात वर करणार नाही. मग चौथ्याला काही मिळणार नाही. मग तिसऱ्याला. शास्त्राप्रमाणे बाबांनीसुद्धा पहिल्याच वर्षी खुर्ची सोडायला नको होती. ते ठरल्या दिवशी उठले. का उठले हे माझ्या शास्त्राला सांगता येत नाही.

म्हणून माझा सल्ला ऐक. कांदा करू नकोस. हरभरा पेर, तो ओलीवर येतो. भांडणात पडून तब्येत बिघडवू नकोस.

तुझी
दिपमाला


धामणबारी
५ ऑक्टोबर २०२५

चि. दिपमालास आशीर्वाद.

हरभरा पेरला नाही. कांद्याचं रोप टाकलं. तुझं शास्त्र विद्वान असेल, पण ते कांदा खात नाही.

आता ३० तारखेचं ऐक. सकाळी अकराला संचालकांची सभा. कादरभाई साक्रीहून बसने आले, बेअरिंगच्या पत्र्याच्या डब्यात पाकिटं घेऊन. सगळ्यांसमोर पितांबरचं पाकीट काढलं, आजची तारीख टाकली आणि सचिवाकडे दिलं. मी भाषणाचा कागद पदराखाली सावरून बसले होते.

सचिवाने उपविधीचं पुस्तक उघडलं. संचालकाने राजीनामा अध्यक्षाकडे द्यावा, अध्यक्षाने त्यावर निर्णय घ्यावा, असं त्यात लिहिलंय. अध्यक्षाने स्वतः द्यायचा झाला तर कुणाकडे, ते लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. म्हणून सचिवाने पितांबरचा राजीनामा पितांबरच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला. सावकाश वाचला. जणू कुणा परक्या माणसाचा अर्ज आलाय. मग घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "राजीनामा मना हातमा शे. मी त्यावर इचार करी राह्यनू."

मी विचारलं किती दिवस विचार करणार. तर म्हणे, घाईत निर्णय घेतला तर राजीनामा देणाऱ्यावर अन्याय होतो.

विरोधी पॅनेलचा सुकदेवसुद्धा हसला, आणि तो बायकोच्या वाढदिवसालाही हसत नाही. कादरभाई मला बाहेर येऊन म्हणाले, "ताईबाई, मेरे पास अब सिर्फ आपका इस्तीफा बचा है, और आप कुर्सी पे बैठी ही नहीं." मी म्हटलं, जपून ठेवा, कधीतरी लागेल.

चार वर्षं आम्ही राजीनामे लिहिण्यात हुशारी केली. ते घेणार कोण हे एकालाही सुचलं नाही. शहाण्या माणसांची सभा याहून वेगळी नसते, हे मी अनेक पक्षांत पाहिलंय.

तुझं म्हणणं खरं ठरलं, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. आता पुढचं सांग. सहावा हात कुठून आणू? पहिलं आवर्तन नोव्हेंबरच्या शेवटी सुटेल. रोप तोवर लागणीला येतं. पाणी आलं नाही तर ते वाफ्यातच म्हातारं होईल.

फुई


जळगाव
११ ऑक्टोबर २०२५

ती. फुईस नमस्कार.

राजीनाम्यावर स्वतः विचार करणारा अध्यक्ष मी वर्गात सांगितला. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

सहाव्या हाताचं बघू. जीवरामकाकांचं शेत पितांबरकाकांच्या शेताला लागून आहे, चारीच्या एकाच दारातून दोघांना पाणी जातं. ते येणार नाहीत. नवलकाकांचा मुलगा पितांबरकाकांच्या ट्रॅक्टरवर आहे. तेही नाहीत. पितांबरकाका स्वतःविरुद्ध हात वर करणार नाहीत, जरी राजीनाम्यावर स्वतः विचार करू शकत असले तरी.

म्हणजे सहावा हात नाही. फुई, सोडून दे. पुढच्या निवडणुकीत बघू.

दिपमाला


धामणबारी
२४ ऑक्टोबर २०२५

चि. दिपमालास आशीर्वाद.

नऊ संचालक. विरोधी चार, मी, जीवराम, नवल, पितांबर. मी बोटांवर मोजलं, आठ झाले. परत मोजलं, परत आठ. अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला नऊपर्यंत मोजता येत नाही असं कॉलेजला कळवू का? नववा तुझा बाप कौतिक आहे. तू त्याचं नावच लिहिलं नाहीस.

काल भाऊबीज होती. कौतिक नेहमीसारखा आला, साडी घेऊन, हिरवी. मी ओवाळलं आणि म्हटलं, साडी परत ने, मला ओवाळणीत तुझा हात हवा. त्याला वाटलं म्हातारपणी मी हात धरून चालायचं म्हणतेय. मी सांगितलं, धरायचा नाही, वर करायचा. अविश्वासाला.

बराच वेळ तो निरांजनाकडे बघत बसला. मग म्हणाला, "अक्का, तो मना याही शे. हात वर कसा करू?"

आता व्याह्याचं मला माहीत नाही असं नाही. पितांबरची पोर तुझ्या भावाला दिली त्या लग्नात मीच मंगलाष्टकं अडवून हुंड्यावर भाषण केलं होतं. पण व्याही म्हणून कोणी पाणी अडवतो का? तर कौतिक म्हणाला, तुला भाषण करून घरी जायचं असतं. मला त्याच्याच ओट्यावर चहा प्यायचा असतो. सून घरात पाणी देते आणि मी तिच्या बापाला सभेत पाडायचं?

मी विचारलं, मग तीन वर्षांपूर्वी तू ठरल्या दिवशी का उठलास? दिपमालाच्या शास्त्रात त्याचं उत्तर नाही.

तो म्हणाला, "तुना नंबर शेवटला व्हता. मीच बशी राह्यनू असतो, तर तुनापावत येता का काही?"

मी भाषण अर्ध्यावर सोडून त्याच्यापुढे फराळ ठेवला. असं वर्षाकाठी एकदा होतं, म्हणून तारीख लिहून ठेवते.

निघताना तो सहज बोलून गेला की हेडचं दीड एकर तो तुझ्या नावावर करतोय, कागद दिवाळीनंतर. छान झालं. बहिणीला शेवटी दिलं, लेकीला पहिल्यांदा देतोय, माणूस सुधारतो. पण मग मला हरभऱ्याचा सल्ला आठवला. नववं नाव आठवलं. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात ते ठाऊक नाही. आमच्यात याला भाची म्हणतात.

फुई


जळगाव
२ नोव्हेंबर २०२५

ती. फुईस नमस्कार.

चार दिवस पत्र लिहीत होते आणि फाडत होते. तुझं बरोबर आहे. बाबांनी जमिनीचं मला जुलैमध्येच सांगितलं होतं. पहिलं पाणी टेलला गेलं तर हेडला एक पाळी उशिरा मिळेल, हे मी कागदावर मांडून पाहिलं होतं. तू पहिलं पत्र लिहिण्याआधीच. मग तुला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण जेवढं मला सोयीचं तेवढंच होतं. वर्गात मी शिकवते की सल्ला देणाऱ्याचा फायदा कशात आहे ते आधी बघा. स्वतःच्या बाबतीत विसरले असंही म्हणता येत नाही. विसरले नव्हते.

आता माझ्या फायद्याविरुद्ध एक सांगते, म्हणजे तुला विश्वास ठेवता येईल.

माणूस बदलायच्या मागे लागू नकोस. नियम बदल. तू खुर्चीसाठी भांडतेस म्हणून बाबांना व्याही आणि बहीण यांत निवडावं लागतं. या शास्त्रात वाटणीचा एक जुना उपाय आहे. जो वाटे पाडतो, त्याने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. मग त्याला कुणी प्रामाणिक राहा असं सांगावं लागत नाही.

चारीवर असं करता येईल: जो पाळी लावेल, त्याच्या शेताला पाणी शेवटी. मग अध्यक्ष कोणीही असो. पितांबरकाका राहोत ना. पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेलं नाही तर सगळ्यात आधी त्यांचाच गहू वाळेल. म्हणजे हेडची दुसरी पाळी सगळी चारी भिजल्यावरच येईल, माझ्या दीड एकराचीही. हा नियम संचालक मंडळात नाही, सर्वसाधारण सभेत होतो. तिथे सहा हातांची अट नाही, हजर खातेदारांतले निम्म्याहून जास्त पुरेत. आणि ठरावात कुणाचंही नाव नाही. बाबांना व्याह्याविरुद्ध हात वर करायचा नाही. नियमाच्या बाजूने करायचा आहे.

दिपमाला


धामणबारी
८ नोव्हेंबर २०२५

चि. दिपमालास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या पुष्पाबाई बघायला आल्या.

अगं, हा उपाय तुमच्या शास्त्राच्या आधी आमच्या चुलीपाशी होता. माझी आई खापरावर मांडे करायची. परातीएवढा मांडा, मऊ पुरणाचा. खाणारे आम्ही दोघं, मी आणि कौतिक. रोजची मारामारी. तिने एकच नियम केला होता. मांडा मोडेल त्याने शेवटी घ्यावं. कौतिकला मोडायची फार हौस. काय सांगू, तो मांडा असा मोडायचा की सोनारानेही तराजू बाजूला ठेवावा. कारण मोठा तुकडा झाला की मी उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

आणि पांझरेकाठचे जुने फड, ते बंधाऱ्यावर भिजणारे शेतांचे पट्टे, तरी काय होते? वरच्या फडात प्रत्येक घराचा तुकडा, मधल्या फडात तुकडा, शेवटच्या फडात तुकडा. शेवट वाळला तर सगळ्यांचाच थोडा वाळायचा, म्हणून पाणी शेवटपर्यंत जायचं. ते लोक आपल्यापेक्षा चांगले होते असं मी चाळीस वर्षं भाषणात सांगत आले. चांगले नव्हते, मांडणी चांगली होती. एवढ्या सभा गाजवल्या मी, आणि चुकीचं सांगून.

दोन हिशोबही मांडले. मी अध्यक्ष झाले तर नियमाप्रमाणे मला शेवटी पाणी. ते मला आताही शेवटीच आहे. म्हणून मला हा ठराव मांडायला मोठं मन लागत नाही. दुसरा, एकशे पाच खातेदार. हेड चाळीस, मधले पस्तीस, टेल तीस. टेलचे तीस हात माझे. मधल्यांकडे घरोघरी फिरले. पस्तीसच्या पस्तीस म्हणतात ठराव चांगला आहे. हात वर करणार का विचारलं की म्हणतात, बाकीचे काय करतात ते बघू. बाकीचे हेच बाकीच्यांबद्दल म्हणतात. ठराव पडला आणि आपला हात दिसला, तर पितांबर आपल्या शेताचं दार महिनाभर बंद ठेवेल ही भीती. सगळ्यांना हवंय आणि सगळे दुसऱ्याच्या काखेकडे बघतायत. असं लोकशाहीचं काखेपाशी अडलंय.

सभा १६ तारखेला, रविवारी. विषयपत्रिकेत ठराव घालून घेतला. सचिवाला वाटलं यात राजकारण नाही. उपाय सांग, आणि या वेळी नऊपर्यंत मोज.

फुई


जळगाव
१२ नोव्हेंबर २०२५

ती. फुईस नमस्कार.

मोजलं. तुला पस्तीस हात मिळवायचे नाहीत. एकच मिळवायचा आहे, पण तो पहिला पाहिजे. आणि तो टेलचा असून चालणार नाही. टेलवाले हात वर करणारच, त्यातून कुणाला काही नवं कळत नाही. हात हेडचा हवा, ज्याचं यात नुकसान आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे असा. तो वर गेला की मधल्या प्रत्येकाला दिसेल, आणि आपल्यासारखंच बाकीच्यांनाही दिसलंय हेही कळेल. मग कोणी थांबत नाही.

असा माणूस गावात एकच आहे. पितांबरकाकांचा व्याही.

मी परवा बाबांना फोन केला. जमिनीचे कागद रविवारनंतर करा म्हटलं, म्हणजे तुम्ही माझ्या दीड एकरासाठी हात खाली ठेवला असं कोणी म्हणणार नाही. त्यांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग विचारलं, ठरावात पितांबरचं नाव आहे का? नाही म्हटलं. परत विचारलं, अक्काचं नाव आहे का? तेही नाही. मग म्हणाले, बघतो.

'बघतो' मधून काय काढायचं ते तू मला जास्त चांगलं सांगशील. तू त्यांना लिही. माझं ते बाप म्हणून ऐकतात, तुझं घाबरून ऐकतात.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. मला मत नाही, पण उभी राहीन.

दिपमाला


धामणबारी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. कौतिकास,

घरं चारशे पावलांवर असून पत्र लिहितेय, कारण समोर बसले की मी भाषण करते आणि तू निरांजनाकडे बघतोस.

आधी माझं देणं देते. तीन वर्षांपूर्वी तू खुर्चीवरून उठलास ते माझ्यासाठी, हे मला भाऊबिजेला कळलं. तोवर मी गावभर सांगत होते की कौतिकला पाटकऱ्याच्या कटकटीचा कंटाळा आला. ते मी परत घेते. उद्या पुष्पाबाईंना सांगते, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल.

पितांबरभाऊला पाडायचं नाही. त्याने पुढची दहा वर्षं आपल्या राजीनाम्यावर विचार करावा, माझं काही म्हणणं नाही. मला ती खुर्ची नकोच आता. आज सकाळी साक्रीला जाऊन कादरभाईंच्या डब्यातला माझा राजीनामा आणला, चुलीत घातला आणि त्याच्यावर चहा ठेवला. माझं रोप बोटभर वाढलंय. पाणी आलं तर लावेन, नाही तर उपटून टाकेन, तुला त्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही. आणि साडी मी परत केली होती ती पाठवून दे. हिरवा रंग मला शोभतो.

ठराव एका ओळीचा आहे: जो पाळी लावेल, त्याच्या शेताला पाणी शेवटी. तुझ्या हेडच्या शेताला यात एक पाळी उशीर होईल. ते लपवत नाही. ते दिपमालाने मोजलंय आणि तरी ती येतेय.

तुला आठवतं का, एकदा आई बाहेर गेली होती. मांडा तूच मोडला होतास. बघायला कोणी नव्हतं. तरी तू माझ्याकडे ताट सरकवलंस आणि म्हणालास, तू आधी घे. तेव्हा मी मोठा तुकडा शोधत होते. सापडला नाही.

रविवारी, १६ तारखेला, सकाळी दहा वाजता संस्थेच्या ओट्यासमोर ये. मधल्या लोकांच्या पुढे, सगळ्यांना दिसेल असा बस. सचिव ठराव वाचून संपवेल तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, व्याह्याकडे बघू नकोस, कोणी आधी करतंय का तेही बघू नकोस. उजवा हात वर कर. पहिला.

तुझी अक्का